शब्दचर्चा : रीस वॉल्शला ‘उर्मट’ म्हणावे का?

विचारणा :

ब्रिस्बेनमधील मराठी मंडळींच्या एका छोट्या अंकासाठी मी रग्बी लीगवर लेख लिहीत आहे. ब्रिस्बेन ब्रॉन्कोज संघाचा तरुण फुलबॅक रीस वॉल्श याच्याविषयी येथे ‘ॲरोगंट’ हे विशेषण वारंवार ऐकू येते. मसुद्यात मी ‘उर्मट’ असा शब्द योजला होता. तो वाचून एका स्नेह्यांनी ‘गर्विष्ठ’ सुचवला, तर दुसऱ्यांनी ‘माजोरडा’. यांपैकी नेमका शब्द कोणता, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर :

आपण दिलेले तिन्ही शब्द निरनिराळे आरोप करतात, आणि माझ्या मते या खेळाडूवर त्यांतला एकही आरोप टिकत नाही. त्यामुळे शब्दाची निवड करण्यापूर्वी प्रत्येक शब्द काय सिद्ध करायला लावतो, ते पाहू.

‘उर्मट’ हा वागणुकीचा शब्द आहे आणि ती वागणूक कोणाशी तरी झालेली असावी लागते. वडीलधाऱ्यांना उर्मट उत्तर दिले, गिऱ्हाइकाशी उर्मटपणे बोलला, अशीच त्याची वाक्ये होतात. समोर ज्याचा मान राखायला हवा असा माणूस नसेल, तर उर्मटपणा घडत नाही. ‘गर्विष्ठ’ हा वृत्तीचा शब्द आहे. आपण श्रेष्ठ आणि इतर तुच्छ, असे ज्याला मनातून वाटते तो गर्विष्ठ. हा शब्द वापरणारा माणूस दुसऱ्याच्या मनातले ओळखल्याचा दावा करत असतो, म्हणून तो जपून वापरावा. ‘माजोरडा’ तर त्याहून जड आहे. गुरे माजावर येतात तो माज येथे अभिप्रेत असतो. पैसा, सत्ता किंवा अंगातली रग यांमुळे भान सुटलेल्या माणसाला तो शब्द लावतात.

या कुळातला ‘मग्रूर’ हा शब्द आपल्या यादीत नाही, पण येथे तोच सर्वांत उपयोगी आहे. तो अरबीतून आला आणि तेथे त्याचा अर्थ ‘फसलेला’, म्हणजे भ्रमात सापडलेला, असा आहे. एखाद्याला मग्रूर म्हणायचे तर त्याची कुवत आणि त्याची स्वतःविषयीची समजूत यांत अंतर असल्याचे दाखवावे लागेल. वॉल्शच्या बाबतीत ते कसे दाखवणार? त्याचा जन्म २००२चा. वयाच्या अठराव्या वर्षी, २०२१ मध्ये, तो न्यूझीलंड वॉरियर्सकडून नॅशनल रग्बी लीगमध्ये उतरला आणि त्याच वर्षी क्वीन्सलँडने त्याला स्टेट ऑफ ओरिजिनसाठी (क्वीन्सलँड आणि न्यू साउथ वेल्स या राज्यांमधील वार्षिक तीन सामन्यांच्या मालिकेसाठी) निवडले, मात्र दुखापतीमुळे तो सामना हुकला. २०२३ मध्ये तो ब्रॉन्कोजकडे आला. त्या वर्षीच्या अंतिम सामन्यात ब्रॉन्कोजनी २४–८ अशी आघाडी घेऊनही पेनरिथ पँथर्स संघाकडून २४–२६ असा पराभव पत्करला. दोन वर्षांनी, २०२५च्या अंतिम सामन्यात, मध्यंतराला मेलबर्न स्टॉर्म २२–१२ असे पुढे असताना ब्रॉन्कोजनी २६–२२ असा विजय खेचून आणला. क्लबचे हे २००६ नंतरचे पहिले विजेतेपद होते आणि त्या सामन्यातील सर्वोत्तम खेळाडूला मिळणारे क्लाइव्ह चर्चिल पदक वॉल्शला मिळाले. अवघड प्रसंगी आपल्याकडून काही घडू शकते असे या मुलाला वाटत असेल, तर त्याला भ्रम म्हणण्यास जागा नाही.

आता तो खेळतो त्या जागेचा विचार करावा, कारण रग्बी लीग न पाहिलेल्या वाचकाला आपला लेख तेथेच अडखळवेल. तेरा जणांच्या संघात फुलबॅक सर्वांत मागे, बहुधा एकटा, उभा असतो. प्रतिस्पर्ध्याने उंच मारलेला चेंडू धावून येणाऱ्या खेळाडूंच्या देखत त्यालाच झेलायचा असतो, आणि झेलताच त्याच खेळाडूंच्या भिंतीवर वेगाने धावून जायचे असते. आपल्या संघाचे आक्रमण सुरू झाले की तो रांगेत जादा माणूस म्हणून शिरतो आणि पास द्यायचा की स्वतः घुसायचे, हे निमिषात ठरवतो. जो तेथे बिचकतो त्याचा चेंडू सुटतो किंवा बरगडी मोडते. या जागेवर लागणाऱ्या गुणाला मराठीत धीटपणा म्हणतात, आणि धीट माणसाचे फसलेले धाडस पाहून त्याला गर्विष्ठ ठरवणे मला अन्यायाचे वाटते. तोच पास सफल झाला असता तर तीच माणसे उभे राहून टाळ्या वाजवणार असतात.

उरला प्रश्न त्याच्या राहणीचा. तो नखे रंगवतो, केसांची निगा राखतो, मैदानावर आनंद मोकळेपणाने दाखवतो. त्यासाठी आपल्याकडे ऐट, रुबाब, दिमाख असे तीन चांगले शब्द आहेत आणि त्यांत कोणाचाही अपमान होत नाही. ऑस्ट्रेलियात उठून दिसणाऱ्याला कापून इतरांच्या उंचीचे करण्याच्या वृत्तीला ‘टॉल पॉपी सिंड्रोम’ (टॉल पॉपी म्हणजे उंच वाढलेले खसखशीचे रोप) असा शब्दप्रयोग रूढ आहे. तेथील ‘ॲरोगंट’ पुष्कळदा त्या वृत्तीतून येतो, म्हणून तो जसाच्या तसा मराठीत आणू नये.

प्रतिप्रश्न :

आपले विवेचन पटते, पण २०२३ मध्ये पंच ख्रिस बटलर यांना अपशब्द वापरल्याच्या ठपक्यावरून त्याच्यावर तीन सामन्यांची बंदी आली होती आणि त्यात ओरिजिनचा तिसरा सामनाही हुकला. आपल्याच व्याख्येप्रमाणे तेथे उर्मटपणा झाला नाही का?

उत्तर :

ही हरकत रास्त आहे आणि ती टाळण्याचा माझा हेतू नाही. वॉल्शचे म्हणणे असे होते की, ते अपशब्द त्याने पंचांना उद्देशून वापरले नव्हते, सहकाऱ्याला उद्देशून वापरले होते. ते मान्य झाले नाही आणि त्याने शिक्षा भोगली. निकाल प्रमाण मानला, तर त्या क्षणीच्या बोलण्याला ‘उद्धट’ म्हणता येईल. मात्र ‘उद्धट बोलला’ हे घटनेचे वर्णन आहे आणि ‘तो उद्धट आहे’ हा स्वभावावरचा शिक्का आहे. पहिले म्हणायला एक प्रसंग पुरतो, दुसरे म्हणायला सवय दाखवावी लागते. विशीतल्या मुलाच्या एका संतप्त क्षणावरून त्याच्या स्वभावाचा निवाडा करणारे लोक अनुभवी खेळाडूंच्या अशाच क्षणांना ‘जिगर’ म्हणतात, हा भेदभाव मला मनापासून खटकतो.

म्हणून आपल्या लेखात बटलर प्रकरणाच्या परिच्छेदापुरते ‘पंचांशी उद्धट वर्तन केल्याचा ठपका’ असे लिहावे. खेळाचे वर्णन करताना ‘धीट’ किंवा ‘बेडर’, आणि राहणीसंबंधी ‘ऐटबाज’ हे शब्द घ्यावेत. टीकाकारांचे मत नोंदवायचे असेल, तर ‘काहींना तो गर्विष्ठ वाटतो’ असे लिहावे. त्यातला ‘वाटतो’ मात्र संपादकांनी जागा वाचवण्यासाठीही गाळू नये.