झाडं काळी का येतात

एकाची तक्रार आहे की ब्लॅक अँड व्हाइट फिल्मच्या रोलवर झाडांचे फोटो म्हणजे नुसता काळा गठ्ठा येतो, माझा पहिला अख्खा रोल तसाच गेलाय! मागे उजळ आभाळ असलं की प्रकाश मोजणारा मीटर त्यालाच भुलतो आणि झाड अंडरएक्सपोज होतं, म्हणजे त्याला प्रकाश कमी पडतो. मी आता सरळ खोडाजवळ जातो, सालीच्या सावलीतल्या बाजूचं रीडिंग घेतो, त्यातनं एखाद-दीड स्टॉप (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा) कमी करतो आणि मग मागे येऊन फ्रेम लावतो, सालीच्या भेगा न् भेगा निगेटिव्हवर उतरतात. लेन्सपुढे लाल फिल्टर (रंगीत काच) मात्र नको, आभाळ झकास गडद होतं पण पानंही काळवंडतात, वर तीनेक स्टॉप जातात म्हणजे शटर स्लो, जास्त वेळ उघडं, जरा वारा सुटला की पानांचा लगदा. पिवळा-हिरवा लावून बघा, पानं उजळतात.