अमीन सयानींच्या स्मृतिदिनासाठी गीतमालेच्या जुन्या कॅसेट कशा वाचवाव्यात?

लघुलहरी:
रेडिओवर ‘गीतमाला’ सादर करणारे निवेदक अमीन सयानी २० फेब्रुवारी २०२४ला गेले. त्या तारखेला वाचनालयाच्या सभागृहात भाषणं न ठेवता फक्त त्यांचा आवाज ऐकवायचा, असं ठरलंय. श्रोत्यांनी रेडिओवरून भरून घेतलेल्या अकरा कॅसेट जमल्या आहेत: सात सी-६० (साठ मिनिटांच्या), चार सी-९० (नव्वद मिनिटांच्या). दोन कॅसेटच्या खिडकीतून टेपच्या कडेला पांढरे ठिपके दिसतात. एकीत आवाज तोंडावर रुमाल धरल्यासारखा येतो. संगणकावर कशा घ्याव्यात आणि खरखर किती काढावी? ‘बहनों और भाइयों’ ही त्यांची साद स्वच्छ ऐकू आली पाहिजे, बाकी तडजोड चालेल.

फीतमित्र:
पांढरे ठिपके म्हणजे बुरशी. त्या दोन कॅसेट आत्ता मुळीच वाजवू नका. हेडवर, म्हणजे प्लेअरमधल्या टेप वाचणाऱ्या भागावर, बुरशी बसली की उरलेल्या नऊंनाही लागण होईल. झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत आठवडाभर ठेवा, म्हणजे बुरशी सुकेल. मग मास्क लावून उघड्यावर मऊ ब्रशने झाडा. हे काम सगळ्यात शेवटी करा, आणि त्यांच्यासाठी वेगळा, टाकाऊ प्लेअर वापरा.

रुमालाचं कारण बहुतेक प्रेशर पॅड. हेडसमोर तांब्याच्या पट्टीवर नमद्याचा छोटा चौकोन असतो. त्याचा गोंद वाळला की तो गळून पडतो, टेप हेडला टेकत नाही आणि वरचे स्वर जातात. कॅसेटला पाच स्क्रू असतील तर उघडा आणि दोन्ही चकत्या टेपसह दुसऱ्या चांगल्या खोक्यात बसवा. स्क्रू नसतील तर खोकं चिकटवलेलं आहे, सांध्यात पातळ ब्लेड घालून अलगद फोडावं लागेल. पुढची पांढरी पट्टी सुटली असेल तर स्प्लायसिंग टेपच (फीत जोडायची खास पट्टी) वापरा. साध्या चिकटपट्टीचा गोंद पाझरतो आणि शेजारचे वेढे चिकटतात.

सी-९०ची टेप पातळ असते. ती फास्ट फॉरवर्ड करू नका, ताणली जाते. आधी षट्कोनी पेन्सिलीने थोडी फिरवून पाहा. अडली तर जोर लावू नका.

स्वरांकन:
पॅड जागेवर असूनही आवाज दबका येत असेल तर हेडचा कोन पाहा. प्रत्येक कॅसेट वेगळ्या यंत्रावर भरलेली, म्हणून प्रत्येकीसाठी तो नव्याने लावावा लागतो. हेडशेजारच्या स्प्रिंगवाल्या स्क्रूला पाव-पाव फेरा द्या आणि हेडफोनवर फक्त निवेदन ऐका. ‘सरताज गीत’मधला ‘स’ ज्या जागी धारदार होतो, तिथे थांबा. गाण्यावर कान ठेवलात तर फसाल, वाद्यं चूक झाकतात.

प्रत्येक कॅसेटनंतर हेड आणि पिंच रोलर (टेप पुढे ओढणारं रबरी चाक) पुसा: हेडला आयसोप्रोपिल अल्कोहोल, रबराला साबणाचं पाणी. प्लेअरचा लाइन-आउट यूएसबी ऑडिओ इंटरफेसला जोडा. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात घालू नका, आवाज फाटतो. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल. सर्वात मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. सी-६०ला साधारण १ जीबी जागा लागते. प्रसारण मोनो असलं तरी दोन्ही चॅनल घ्या आणि नंतर त्यातला चांगला ठेवा. दोन्ही एकत्र केले तर कोनातल्या चुकीमुळे ‘स’ पुन्हा बोथट होतो.

वेग तपासायला त्यातलंच एखादं गाणं प्रकाशित ध्वनिमुद्रणाशी सुरात जुळवा. प्लेअरचा पट्टा सैल असेल तर सयानींचा आवाज म्हातारा वाटतो, आणि लोक तोच खरा मानतील.

खरखर सहा डेसिबलपेक्षा जास्त काढू नका. त्यापुढे आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. ५० हर्ट्झची घरघर आणि शॉर्टवेव्हची शिट्टी अरुंद फिल्टरने काढा. आवाजाची लाट मात्र, जवळ येणारी आणि दूर जाणारी, तशीच राहू द्या. बुधवारी रात्री आठला रेडिओ सिलोन असंच यायचं. मूळ फाइल न छेडता दोन ठिकाणी ठेवा.

लघुलहरी:
कॅसेटवर तारखा नाहीत. कार्यक्रम कोणत्या वर्षीचा हे कसं ओळखावं? आणि सभागृहात गाणी वाजवायला परवानगी लागेल का?

पायदान:
कार्यक्रमाचं नाव ऐका. सुरुवात १९५२ साली बिनाका गीतमाला म्हणून झाली, सिबाका हे नाव नंतरचं. विविध भारतीचं नाव आलं तर १९८९ किंवा पुढचं. मग पायदानांवरच्या, म्हणजे क्रमवारीतल्या, गाण्यांच्या चित्रपटांची प्रदर्शनवर्षं मांडा. सर्वांत नवा चित्रपट वर्षाची खालची मर्यादा सांगतो. ‘वार्षिक’ शब्द ऐकू आला तर डिसेंबरचा शेवट धरा, आणि तो भाग अर्धवट असला तरी जपा.

परवानगीचं: कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२(१)(के)मध्ये नफ्यासाठी नसलेल्या क्लबला किंवा तशा संस्थेला आपल्या उपक्रमात ध्वनिमुद्रण ऐकवायला सूट आहे. तिकीट लावू नका. इंटरनेटवर टाकणं वेगळं, ती सूट तिथे लागू नाही.

ऐकवताना गाणं पंधरा-वीस सेकंदांनी हळूच उतरवा, पण दोन गाण्यांमधलं निवेदन कापू नका, त्यातला श्वाससुद्धा नाही. सभागृहात एकच स्पीकर मध्यभागी, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर ठेवा. छतावरच्या स्पीकरमधून तो आवाज घोषणेसारखा वाटेल, आणि ते बोलायचे तर समोर बसलेल्या एकाशी.