मदत हवी आहे: सॅम्पल साइझ ३८८ की २७८?

सायली_नर्सिंग: परवा सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) जमा करायचाय आणि गाडी सॅम्पल साइझवर, म्हणजे किती जणी तपासायच्या यावर, अडलीये. ४पीक्यू भागिले डीचा वर्ग, सूत्र दोघींचं एकच (पी म्हणजे आजाराचं अंदाजे टक्के प्रमाण, क्यू म्हणजे १०० वजा पी, डी म्हणजे चालेल तेवढी चूक). माझं उत्तर ३८८, मैत्रिणीचं २७८. बरोबर कोणतं? जरा लवकर सांगा.

घाटमाथा: पी किती? डी किती? विषय काय? काहीच न सांगता कसं कळणार?

विनयकाका: केस-कंट्रोल (आजारी आणि निरोगी गटांची तुलना) असेल तर ऑड्स रेशोच काढ. रिलेटिव्ह रिस्क (धोका किती पट) तिथे निघत नाही, कारण आजारी किती घ्यायचे ते आपणच ठरवलेलं असतं. व्हायव्हात विचारतात.

सायली_नर्सिंग: काका, केस-कंट्रोल नाहीये. किशोरवयीन मुलींमधला अ‍ॅनिमिया, साधा सर्व्हे. पी ५९ धरला. एनएफएचएस-५ (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण) मध्ये १५ ते १९ वयाच्या मुलींचा देशाचा आकडा ५९.१ टक्के आहे. डी माझा ५, तिचा १० टक्के.

घाटमाथा: इथेच घोळ आहे. तुझे ५ थेट, म्हणजे अंदाज ५ टक्के इकडे-तिकडे. तिने पीचे १० टक्के घेतले, म्हणजे ५.९. ४ × ५९ × ४१ = ९६७६. २५ ने भागलं की ३८७.०४, म्हणून ३८८. ३४.८१ ने भागलं की २७८. गणित दोघींचंही बरोबर. एरर अ‍ॅब्सोल्यूट (थेट) की रिलेटिव्ह (पीच्या प्रमाणात), ते सिनॉप्सिसमध्ये स्पष्ट लिहा.

स्टॅटवाला: सूत्रात ४ कशाला? ९५ टक्के खात्रीसाठी १.९६ घेतात, त्याचा वर्ग ३.८४. ओपनएपीत (आकडेमोडीचं सॉफ्टवेअर) आकडे टाका आणि मोकळे व्हा.

घाटमाथा: ३.८४ ने येणाऱ्या ३७२ च्या जागी ३८८ घेतले तर काय बिघडलं? डी किती ठेवायचा ते सॉफ्टवेअर ठरवत नाही.

विनयकाका: हिमोग्लोबिन साहलीच्या जुन्या पद्धतीने करणार का? रंग डोळ्यांनी जुळवायचा, दोघींचं रीडिंग वेगळं येतं. हिमोक्यू (आकडा थेट दाखवणारं यंत्र) मिळतंय का बघ.

सायली_नर्सिंग: आमचं कॉलेज देईल ते वापरणार. पण ज्या कॉलेजात सर्व्हे करायचाय तिथे मुलीच ३०० आहेत. ३८८ कुठून आणू?

घाटमाथा: अगं, हे आधी सांगायचं ना! फायनाइट करेक्शन (एकूण संख्या कमी असताना करायची दुरुस्ती) लाव: ३८८ भागिले (१ + ३८७/३००), म्हणजे १७०. निष्कर्ष मात्र त्या कॉलेजापुरताच. आणि हजेरीपटावरून रँडम नंबरने निवड. त्या दिवशी वर्गात दिसतील त्याच घेतल्यास तर आजारपणामुळे घरी राहिलेल्या सुटतील आणि अ‍ॅनिमिया कमी दिसेल.

माई: लोहाची निळी गोळी मुलींना जेवणानंतर द्या गं, रिकाम्या पोटी मळमळतं. वर लगेच चहा नको.

सिस्टर_सातारा: १८ खालच्या मुलींना पालकांची संमती आणि मुलीची स्वतःची लेखी असेंट (सहमती), दोन्ही लागतं. एथिक्स कमिटी आधी तेच बघते. फॉर्म मराठीत केलेत का?

सायली_नर्सिंग: नाही, इंग्रजीतच आहेत. मराठी असेंट फॉर्मचा नमुना आहे का कुणाकडे? आज रात्री मिळाला तर फार बरं होईल.