एकटीने ओसाका फिरले, यात धाडस कसलं?

उंबरठा:
क्योतोत शिकायला येऊन मला आठ महिने झाले. मंगळवारी लॅबला सुट्टी होती म्हणून दिवसभर एकटीच ओसाकाला जाऊन आले. स्टेटसला फोटो टाकल्यापासून साताऱ्याहून सगळ्यांचं एकच पालुपद: "धाडसाची आहेस हं!" अहो, जलद गाडीने जेमतेम अर्धा तास लागतो.

फजिती झालीच. जेआरच्या (म्हणजे जपान रेल्वेच्या) स्टेशनचं नाव ओसाका आणि त्याला खेटून असलेल्या मेट्रो स्टेशनचं उमेदा, हे कळायलाच वेळ गेला. जमिनीखाली दुकानांच्या बोळांचं असं जाळं आहे की एकाच बेकरीवरून तीनदा गेले. सरकत्या जिन्यावर तोक्योत लागलेल्या सवयीने डावीकडे उभी राहिले, तर मागे माणसं तुंबली. इथे उजवीकडे उभं राहतात. कुणी काही बोललं नाही, एक आजोबा फक्त खाकरले.

संध्याकाळी दोतोम्बोरीत ओकोनोमियाकी खाल्लं. म्हणजे कोबीचं जाडजूड धिरडं. समोरच्या तापलेल्या तव्यावर ठेवतात आणि छोट्या उलथन्याने तुकडे करून खायचं. वर पसरलेले सुक्या माशाचे पापुद्रे वाफेने वळवळत असतात. काउंटरवर माझ्या दोन्ही बाजूंना एकेकट्याच बायका. "अजून कुणी येणारेय का?" असं कुणी विचारलं नाही. साडेनऊला खोलीवर परत.

धाडस मी पुण्यात रात्री रिक्षात बसताना करायचे. इथे ते लागत नाही, हे माझं म्हणणं. पटतं का?

लोकलवाली:
नाही पटत. उमेदाहून पुढे मिदोसुजी मेट्रोनेच गेली असशील ना? मग फलाटावर गुलाबी खुणा दिसल्या असतील. त्या मार्गावर बायकांचा डबा कामाच्या दिवशी सकाळपासून शेवटच्या गाडीपर्यंत असतो, नुसता गर्दीच्या वेळेपुरता नाही. इतकं निर्धास्त शहर, तर मग दिवसभर वेगळा डबा का लागतो? तिथल्या पोलिसांचं एक पोस्टर प्रसिद्ध आहे, 'चिकान अकान'. चिकान म्हणजे गर्दीत अंगचटीला येणारा, अकान म्हणजे ओसाकाच्या बोलीत 'चालणार नाही'.

भरीतवाला:
मी आधी 'चिकन' वाचलं आणि म्हटलं शाकाहाराची मोहीम आहे काय. असो, चालू द्या.

उंबरठा:
लोकलवाली, मुंबईतही बायकांचा डबा आहे आणि १९९२ पासून अख्खी लेडीज स्पेशल आहे. ती आपण सोय म्हणून मिरवतो. मग ओसाकातली सोय म्हणजे तिथे काहीतरी कुजकं असल्याचा पुरावा कसा?

नागोयाकर:
बारा वर्षं इथे राहतोय म्हणून लिहितो. तो डबा सोय म्हणून सुचलेला नाही. १९८८ मध्ये याच मिदोसुजी मार्गावर दोन पुरुष एका बाईला त्रास देत होते. एका तरुणीने त्यांना हटकलं. त्यांनी तिलाच धमकावून गाडीतून उतरवलं, सोबत फिरवलं आणि तिच्यावर बलात्कार केला. त्यानंतर ओसाकातल्या बायका संघटित झाल्या, रेल्वेवाल्यांकडे दाद मागत राहिल्या. डबा आला २००२ मध्ये, चौदा वर्षांनी. आणि आजही त्यात पुरुष चढला तर कायद्याने त्याला उतरवता येत नाही. सगळं सहकार्यावर चाललंय.

आपले लोक जपानचं कौतुक करताना हरवलेलं पाकीट परत मिळाल्याची गोष्ट सांगतात. पाकीट परत मिळणं वेगळं आणि बाईला गर्दीत त्रास न होणं वेगळं. पाकिटाची तक्रार करायला कुणी लाजत नाही.

पेठी_मांजर:
दादा, १९८८ वरून आजचं शहर जोखायचं का? २०२३ मध्ये दंडविधान बदललं, संमतीचं वय १३ वरून १६ केलं, चोरून फोटो काढण्याविरुद्ध देशभर वेगळा कायदा आला.

नागोयाकर:
२०२३ पर्यंत थांबावं लागलं, हेच तर म्हणतोय. (प्रांतांचे नियम आधीपासून कडक होते, हे मान्य.)

गडकरी_गल्ली:
मूळ मुद्दा राहिलाच. दिवसभरात ओसाका बघितलं म्हणजे काय बघितलं? किल्ला म्हणाल तर तो मनोरा १९३१ चा, काँक्रीटचा, आत लिफ्ट. राजगड चढून या, मग एकटीच्या धाडसावर बोलू.

पेठी_मांजर:
ती धाडस केलं नाही असंच म्हणतेय हो. वाचा तरी.

आईचा_फोन:
माझी लेकही तिकडेच आहे, म्हणून लिहिते. बाळ, तुझे रात्रीचे साडेनऊ म्हणजे आमचे संध्याकाळचे सहा. इथे अजून उजेड असतो आणि डोळ्यापुढे तू अंधारात चालत असतेस. "धाडसाची आहेस" म्हणतो ते तुझ्यापेक्षा आमच्यासाठी म्हणतो गं. शेवटची गाडी बाराच्या सुमाराला असते हे मला पाठ आहे, कारण लेकीने सांगितल्यापासून मी घड्याळाकडेच बघत बसते. तरी जा. फक्त पोचलीस की कळव.

उंबरठा:
काकू, कळवलं होतं, खरंच.

नागोयाकरदादा, १९८८ चं मला माहीत नव्हतं. काल वाचल्यापासून एक गोष्ट डोक्यात घोळतेय. उमेदाच्या फलाटावर मी त्या गुलाबी खुणेपाशीच जाऊन उभी राहिले होते. ठरवून नाही. पाय आपोआप गेले, दादरला जायचे तसेच. तरी मुख्य मुद्दा सोडत नाही. दिवसभर एकदाही मागे वळून पाहिलं नाही, हे खरं आहे.

लोकलवाली:
आणि क्योतोच्या परतीच्या गाडीत?

उंबरठा:
त्या गाडीला तसा डबा नव्हता. दाराशी उभी होते. बॅग पुढे घेऊन.