हायपरफाइन विभाजन मोजायला लेझर कशासाठी? जड आयनांविषयी शंका

कृष्णाकाठ (सांगली):
मी सांगलीत भौतिकशास्त्राच्या एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. हायड्रोजनचे हायपरफाइन विभाजन (केंद्रकाच्या चुंबकत्वामुळे इलेक्ट्रॉनच्या ऊर्जापातळीचे होणारे बारीक विभाजन) 1420 मेगाहर्ट्झचे, म्हणजे 21 सेंटिमीटर तरंगलांबीचे, असे आम्ही शिकलो. सेमिनारसाठी वाचताना मात्र बिस्मथच्या आयनावर हेच मोजमाप लेझरने केल्याचे आढळले. एवढा फरक कशामुळे पडतो, आणि आयन ट्रॅपमध्ये (विद्युत व चुंबकीय क्षेत्रांच्या सापळ्यात) थांबवूनच मोजण्याचा आग्रह का धरला जातो, हे कृपया कोणी सांगावे.

अजिंक्यतारा (सातारा):
फरक मुख्यतः अणुक्रमांकाचा आहे. एकच इलेक्ट्रॉन उरलेल्या आयनात हे विभाजन साधारणपणे अणुक्रमांकाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, आणि 83 चा घन पावणेसहा लाखांच्या आसपास जातो. सापेक्षतेचे परिणाम आणि केंद्रकाचे गुणधर्म यांमुळे आकडा आणखी बदलतो. परिणामी बिस्मथ-209 ची ही रेषा 243.9 नॅनोमीटरला, अतिनील पट्ट्यात येते. जर्मनीत डार्मस्टाट येथील जीएसआय संस्थेच्या साठवण-वलयात (आयन वर्तुळाकार मार्गावर फिरते ठेवणाऱ्या यंत्रात) ती लेझरने मोजल्याचे 1994 मध्ये प्रसिद्ध झाले.

वलयातील आयन प्रचंड वेगाने धावतात. 2011 च्या प्रयोगात तो वेग प्रकाशाच्या 0.71 पट होता, त्यामुळे समोरून सोडलेला सुमारे 591 नॅनोमीटरचा साधा दृश्य लेझर आयनाला डॉप्लर परिणामाने 244 नॅनोमीटरचा भासतो. सोय मोठी आहे, पण आयनांचा वेग इलेक्ट्रॉन कूलरच्या (आयनांसोबत इलेक्ट्रॉनांचा झोत सोडून त्यांचा वेग एकसारखा करणाऱ्या यंत्राच्या) दोन लाखांहून अधिक व्होल्टच्या दाबावरून काढावा लागतो, आणि त्या व्होल्टेजमधील चूक थेट तरंगलांबीत उतरते. याउलट पेनिंग ट्रॅपमध्ये (आयन ट्रॅपचा एक प्रकार) 4 केल्विनपर्यंत थंड केलेल्या बिस्मथ आयनाचा वेग सेकंदाला सुमारे वीस मीटर इतकाच असतो.

निवृत्त प्राध्यापक (सांगली):
वरील उत्तर योग्य आहे, पण अचूक मोजमापाचा उपयोग कशासाठी, हेही पाहावे. केंद्रकातील चुंबकत्व एका बिंदूत नसून पसरलेले असते, आणि त्या पसरणीची अनिश्चितता क्वांटम विद्युतगतिकीची (प्रकाश आणि विद्युतभारित कण यांच्या परस्परक्रियेच्या सिद्धांताची) कसोटी धूसर करते. म्हणून हायड्रोजनसदृश (एक इलेक्ट्रॉन उरलेल्या) आणि लिथियमसदृश (तीन इलेक्ट्रॉन उरलेल्या) आयनांची मोजमापे घेऊन, ही अनिश्चितता बव्हंशी रद्द होईल असा त्यांचा ठरावीक फरक काढतात. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेला हा फरक सिद्धांतापासून सात सिग्मा (म्हणजे अनिश्चिततेच्या सातपट) दूर निघाला. दोष सिद्धांतात नव्हता: जुन्या तक्त्यातील बिस्मथचे चुंबकीय आघूर्णच (केंद्रकाच्या चुंबकत्वाचे माप) सुमारे अर्ध्या टक्क्याने जास्त होते, कारण द्रावणातील मोजमापावर रासायनिक परिणामाची दुरुस्ती नीट लावलेली नव्हती, हे 2018 मध्ये दाखवले गेले. माझ्या मते सेमिनारमध्ये सर्वाधिक वेळ याच भागाला द्यावा.

कृष्णाकाठ:
आभारी आहे, सर. लिथियमसदृश आयनाची रेषा कोठे येते? ट्रॅपमध्ये ती मोजणे सोपे जाईल का?

अजिंक्यतारा:
ती अवरक्त पट्ट्यात, सुमारे 1555 नॅनोमीटरला येते. सोपे म्हणता येणार नाही. वरच्या पातळीचे आयुर्मान हायड्रोजनसदृश आयनात सुमारे 0.4 मिलिसेकंद, तर इथे सुमारे 82 मिलिसेकंद आहे, त्यामुळे प्रत्येक आयनाकडून फोटॉन फार सावकाश मिळतात. वलयात पुढच्या दिशेने निघणारे फोटॉन डॉप्लरमुळे दृश्य पट्ट्यात सरकतात आणि चांगल्या डिटेक्टरने टिपता येतात. थांबलेल्या आयनाच्या बाबतीत ही मदत मिळत नाही.