मदत हवी आहे: घाटातल्या शर्यतीआधी डीप टिश्यू मसाज (स्नायूंवर खोलवर जोर देऊन करतात तो) घ्यावा का?

सातारा हिल हाफ मॅरेथॉन पुढच्या रविवारी आहे. यवतेश्वर घाटातल्या सरावानंतर उजवी पोटरी दगडासारखी घट्ट झालीय. आतल्या बाजूला एक गाठ बोटाला लागते, दाबली की कळ थेट टाचेपर्यंत जाते. सूज, लाली नाही. डॉक्टरांनी तपासलंय, स्नायू फाटलेला नाही, रक्ताची गुठळीही नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू नाहीत. स्ट्रेचिंग, फोम रोलर, गरम शेक सगळं केलं, तेवढ्यापुरतं बरं वाटतं. डीप टिश्यूनंतर एक-दोन दिवस अंग ठणकतं, त्याचीच काळजी आहे, कारण ही शर्यत मला मनापासून धावायचीय. मसाजसाठी पुण्याला जाणं जमणार नाही. मग आत्ताच डीप टिश्यू करून घ्यावा, की शर्यतीपर्यंत हलका स्पोर्ट्स मसाजच बरा? चढाच्या शर्यतीआधी तुम्ही शेवटचा मसाज किती दिवस आधी घेता?