गुरुवारी ठरले, शनिवारी निघायचे: सात मित्रांसाठी पुण्याहून कोणता समुद्रकिनारा?

कर्वेनगरकर (प्रश्न)

नमस्कार. महाविद्यालयापासूनचे आम्ही सात मित्र-मैत्रिणी बऱ्याच काळाने एकाच वेळी पुण्यात आहोत. काल रात्री जेवणानंतर कोणीतरी समुद्राचा विषय काढला आणि पान खाऊन होईपर्यंत येत्या शनिवारी पहाटे निघायचे असे ठरूनही गेले. एकाकडे सात आसनी गाडी आहे. रविवारी रात्रीपर्यंत परतणे भाग आहे, कारण सोमवारी प्रत्येकाला कामावर हजर व्हायचे आहे. गटातील दोघांना अजिबात पोहता येत नाही, एक मैत्रीण शाकाहारी आहे आणि उरलेल्यांना माशांखेरीज दुसरे काही सुचत नाही.

आतापर्यंत अलिबाग, काशीद, दिवेआगर, हरिहरेश्वर, दापोली-हर्णै आणि एकाच्या हट्टापायी तारकर्ली अशी नावे पुढे आली आहेत. एवढ्या वेळात यांपैकी कोणता किनारा खऱ्या अर्थाने पदरात पडेल आणि खोली आधी न ठरवता निघणे कितपत शहाणपणाचे ठरेल, हे जाणकारांनी सांगावे. सगळे आधीच ठरवून टाकले की सहलीची कार्यक्रमपत्रिका होते, असे माझे मत आहे. पण अंधार पडल्यावर सात जणांचे लटांबर घेऊन दारोदार चौकशी करत फिरण्याचीही माझी तयारी नाही.

घाटवाटा

तारकर्लीचा हट्ट धरणाऱ्या मित्राची आधी समजूत काढा. पुण्याहून ते अंतर जवळजवळ चारशे किलोमीटर आहे. शनिवार जाण्यात आणि रविवार येण्यात संपेल आणि मालवणचे जेवण सोडले तर हाती काही लागणार नाही. अलिबाग आणि काशीद जवळ आहेत हे खरे, पण तेथे शनिवार-रविवारी मुंबईची गर्दी लोटते आणि २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोटीने गाडीसकट उतरता येत असल्यामुळे ती आणखी वाढली आहे. दापोली-हर्णै मला स्वतःला सर्वांत प्रिय, परंतु हर्णै बंदरावरचा माशांचा लिलाव पाहायचा, आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीला जायचे आणि सुवर्णदुर्गापर्यंत होडीने फेरी मारायची तर दोन मुक्काम हवेत. एका मुक्कामात ते बसवणे म्हणजे निव्वळ धावपळ.

राहिले दिवेआगर आणि हरिहरेश्वर. माझे मत निःसंशय दिवेआगरला आहे. पौड, मुळशी, ताम्हिणी, निजामपूर, माणगाव, म्हसळा आणि बोर्ली पंचतन असा रस्ता असून अंतर साधारण १६० किलोमीटर आहे. पहाटे साडेपाचला कोथरूड सोडले तर वाटेत चहा-नाश्ता करूनही अकराच्या आत पोहोचाल. गाडीची टाकी पुण्यातच भरून घ्या आणि घाटात बराच वेळ मोबाइलला रेंज मिळणार नाही हे गृहीत धरा. माणगावात मुंबई-गोवा महामार्गाशी गाठ पडते आणि सुट्टीच्या दिवशी तेथे हमखास कोंडी होते, म्हणून परतताना रविवारी तीनच्या पुढे रेंगाळू नका. दिवसभर पाण्यात खेळून थकलेल्या माणसाने रात्री ताम्हिणी चढू नये.

खोलीबाबत मात्र माझे मत तुमच्यासारखेच आहे. जोडून आलेली सुट्टी नसेल तर फेब्रुवारीतल्या शनिवारी दिवेआगरात जागा मिळते. माणगावला पोहोचल्यावर दोन-चार घरी फोन केले तरी पुरते.

पोफळबाग

माझे घर दिवेआगरातच आहे आणि वाडीतल्या तीन खोल्या आम्ही पाहुण्यांना देतो, त्यामुळे वरच्या शेवटच्या सल्ल्याशी मी असहमत आहे. जागा मिळेल, यात वाद नाही. अडचण जेवणाची होते. येथील बहुतेक घरगुती खानावळींत जितकी पाने सांगितली असतील तितकाच स्वयंपाक होतो. सकाळी बाजारात जे मासे आले त्यांतून सुरमई, कोळंबी किंवा बांगडा निवडून आणावा लागतो आणि दुपारी एक वाजता सात माणसे दारात उभी राहिली तर माउलीने भाताशिवाय काय वाढावे? शुक्रवारी दुपारी एक फोन करावा, सात माणसे, त्यांत एक शाकाहारी, दुपार आणि रात्र अशी दोन जेवणे एवढे सांगावे आणि थोडी आगाऊ रक्कम पाठवावी. एवढ्याने तुमच्या सहलीची कार्यक्रमपत्रिका होत नाही.

शाकाहारी मैत्रिणीची काळजी करू नका. गावात ब्राह्मण घरांतून चालणाऱ्या खानावळी पुष्कळ आहेत आणि उकडीचे मोदक आदल्या दिवशी सांगितले की पानात गरम पडतात. त्यांवर तूप घालून घ्यायला लाजू नये. मासे आणि शाकाहार एकाच स्वयंपाकघरात चालणार आहे की नाही, हे मात्र तिला विचारून ठेवा आणि फोनवर तसे स्पष्ट सांगा, कारण येथे दोन्ही तऱ्हेची घरे आहेत.

येताना दोन ठिकाणी अवश्य थांबा. रूपनारायणाच्या देवळातली विष्णूची पाषाणमूर्ती सावकाश पाहण्यासारखी आहे. सुवर्णगणेशाची हकीकत तर तुम्हाला माहीत असेलच: १९९७ साली एका वाडीत जमिनीखाली पेटीत सोन्याचा मुखवटा सापडला, २०१२ साली दरोडा पडून तो गेला आणि २०२१ साली पुन्हा प्रतिष्ठापना झाली. किनाऱ्याकडे जाताना सुरूच्या बनात जी मोकळी जागा दिसेल ती ३ जून २०२०च्या निसर्ग वादळाची खूण आहे. त्या एका दिवशी आमच्या नारळी-पोफळी आडव्या झाल्या. श्रीवर्धनी रोठा सुपारीला बाजारात मान आहे, पण नवे रोप लावले की फळ हाती येईपर्यंत कितीतरी वर्षे जातात; तोवर अनेक घरांचा संसार या खोल्यांवर चालला. हे सहानुभूतीसाठी लिहीत नाही. अचानक येणारे पाहुणे आम्हाला हवेच आहेत, मात्र रात्री दहानंतर गाडीचे दरवाजे उघडे टाकून मोठ्या आवाजात गाणी लावणारे पाहुणे नकोत.

शिडाचे होडके

मुक्काम आणि जेवण ठरले, पण सात जण ज्यासाठी निघाले आहेत त्या पाण्याविषयी कोणीच लिहिलेले नाही. पंचांग उघडा. येता शनिवार शुद्ध त्रयोदशीचा आहे. आमच्याकडचे जुने लोक तिथीला तिनाने गुणून चाराने भागतात आणि येणारे उत्तर हे भरतीच्या वेळेचे समजतात. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून हा पाऊणपटीचा हिशेब बऱ्यापैकी जुळतो. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक धरावा आणि नेमक्या वेळेसाठी भरती-ओहोटीचा तक्ता पाहावा. वद्य पक्षात प्रतिपदेपासून पुन्हा मोजायला लागावे.

त्रयोदशीचे उत्तर पावणेदहा येते. म्हणजे शनिवारी सकाळी पावणेदहाच्या सुमारास पूर्ण भरती, दुपारी चारच्या सुमारास पूर्ण ओहोटी आणि रात्री दहाच्या आसपास पुन्हा भरती. तुम्ही जेवून, लवंडून अडीचला किनाऱ्यावर आलात तर पाणी आत ओढत असेल आणि नेमकी तीच वेळ पाण्यात उतरण्यासाठी वाईट आहे. चार वाजेपर्यंत ओल्या वाळूवर चाला, शिंपले पाहा, क्रिकेट खेळा; पौर्णिमा जवळ असल्यामुळे उधाणाचे दिवस आहेत आणि पाणी इतके मागे गेलेले असेल की खेळायला हवे तेवढे मैदान मिळेल. पाणी वळले की साडेचार ते सहा या वेळात उतरा. ओहोटीपासून भरतीपर्यंतच्या साधारण सहा तासांपैकी मधल्या दोन तासांत जवळजवळ निम्मे पाणी चढते. शनिवारी ते सहा ते आठच्या दरम्यान होईल, म्हणून सूर्यास्त वाळूवरूनच पाहावा.

पोहता न येणाऱ्या दोघांनी मांडीपर्यंतच्या पाण्याच्या पुढे जाऊ नये आणि पोहता येणाऱ्यांनी त्यांच्या व समुद्राच्या मध्ये उभे राहावे. आणखी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. लाटा सगळीकडे फुटत असताना मध्येच एखादा पट्टा गढूळ पण शांत दिसतो आणि नवखा माणूस सुरक्षित समजून तेथेच उतरतो; किनाऱ्यावर आलेले पाणी त्याच वाटेने परत जात असते. त्यात कोणी सापडलेच तर किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नये, किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्यातून बाहेर पडावे आणि मग लाटांबरोबर यावे. मद्यपानाचा बेत असेल तर तो पाण्यातून बाहेर आल्यानंतरचा, आधीचा नव्हे. याबाबतीत मला कोणतीही सवलत मान्य नाही.

कर्वेनगरकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तारकर्लीवाल्या मित्राने मोदकांचा उल्लेख वाचून माघार घेतली आहे. आज दुपारी फोन करून दोन खोल्या आणि दोन जेवणे सांगितली. बाकी काहीही ठरवलेले नाही. रविवारी सकाळी श्रीवर्धनमार्गे हरिहरेश्वरला जाऊन प्रदक्षिणा करावी असे काहींचे म्हणणे आहे. ते जमेल का? शिवाय गाडी वाळूवर नेऊन छायाचित्रे काढण्याची एकाची फार इच्छा आहे. खर्चाचा नियम ‘टीटीएमएम’ (तुझे तू, माझे मी) असल्यामुळे त्यावरून भांडण होणार नाही, अशी आशा आहे.

घाटवाटा

खर्चाच्या बाबतीत टीटीएमएम रस्त्यावर चालत नाही. डिझेल, पथकर, खोली आणि जेवण यांसाठी प्रत्येकाने निघतानाच सारखी रक्कम एका व्यक्तीकडे जमा करावी आणि वाटेत तिला कोणी हिशेब विचारू नये. ती व्यक्ती गाडी चालवणारी नसावी. थोडी रोकडही जवळ ठेवा, कारण रेंज गेली की क्यूआर कोडचा उपयोग नसतो.

श्रीवर्धनला जाताना आरावी आणि कोंडिवलीवरून जाणारा किनाऱ्याचा रस्ता धरा. डाव्या हाताला डोंगर आणि उजव्या हाताला समुद्र असा तो पट्टा मला या साऱ्या भागात सर्वांत देखणा वाटतो. हरिहरेश्वराजवळच बागमांडल्याहून सावित्रीची खाडी ओलांडणारी फेरीबोट गाडीसकट पलीकडे वेश्वीला सोडते आणि तेथून वेळास जवळ आहे. फेब्रुवारीच्या अखेरीपासून तेथे ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्रात सोडतात, पण तो कार्यक्रम सकाळी लवकर किंवा संध्याकाळी असतो. रविवारी परतायचे असताना त्याच्या मोहात पडू नका.

शिडाचे होडके

प्रदक्षिणेचे उत्तर पंचांगातच आहे. रविवारी चतुर्दशी, म्हणजे सकाळी साडेदहाच्या सुमारास पूर्ण भरती आणि तीही उधाणाची. हरिहरेश्वराची प्रदक्षिणेची वाट डोंगर उतरून थेट समुद्राकाठच्या खडकांवरून जाते. ती ओहोटीतच करायची असते आणि तेथे लाटांनी माणसे ओढून नेल्याच्या घटना घडलेल्या आहेत. तुम्ही सकाळी पोहोचाल तेव्हा पाणी खडकांवर चढत असेल आणि ओहोटी पावणेपाचच्या सुमारास होईल, तेव्हा तुम्ही माणगाव ओलांडलेले असायला हवे. दर्शन घ्या, वरून खडक पाहा आणि परत फिरा. ‘अर्धीच करून येतो’ असे म्हणणारा एक जण प्रत्येक गटात असतो. त्याला एकट्याला सोडू नका.

गाडी वाळूवर अजिबात नेऊ नका. कोरड्या वाळूत चाके रुततात हे सर्वांना कळते. ओल्या वाळूवरून मात्र गाडी सुरेख धावते आणि तेथेच माणूस फसतो, कारण थांबलेल्या गाडीच्या चाकाखालची वाळू पाणी येताच सैल होते. शनिवारी पाच वाजता पाण्याच्या कडेला उभी केलेली गाडी सातला पाण्यात असेल आणि ती बाहेर ओढायला ट्रॅक्टर बोलवावा लागेल. त्या मित्राला छायाचित्रे सुरूच्या बनाजवळ, पक्क्या रस्त्यावर गाडी उभी करून काढायला सांगा.

पोफळबाग

ट्रॅक्टर मिळतो, पण तो येईपर्यंत मीठ इंजिनात गेलेले असते. मोदक कितीजणांसाठी हवेत ते आज संध्याकाळी त्या घरी पुन्हा फोन करून सांगा. एकदा पीठ उकडले की संख्या वाढवता येत नाही, आणि तुमचे मासेखाऊ मित्रही मागणार हे मी आताच लिहून देतो.